बाबांचा जी-फोर आणि जुन्या बाजारातलं कार्ड

तर झालं असं, की बाबांचा मॅक आंधळा झाला.

म्हणजे बटण दाबलं की तो ओळखीचा 'बाँऽऽग' यायचा, पंखा फिरायचा, हार्ड डिस्क कुरकुरायची. मॉनिटर मात्र काळा ठिक्कर. पॉवर मॅक जी-४, २००१ सालचं 'क्विकसिल्व्हर' मॉडेल. बाबांनी २००२ मध्ये नारायण पेठेतल्या आपल्या डीटीपीच्या दुकानासाठी सेकंडहँड घेतलेलं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, सगळं त्याच्यावर व्हायचं. २०१५ मध्ये दुकान बंद झालं आणि मशीन माळ्यावर गेलं.

तुम्ही म्हणाल, एवढं जुनं धूड, द्या की भंगारात. माझंही मत तेच होतं. पण आत्याचा फोन आला. "दादा, आईच्या ओव्या तुझ्या कंप्युटरात आहेत ना रे?"

आजीची एक वही होती. जात्यावरच्या ओव्या, तिच्या आईकडून आलेल्या, काही तिच्या स्वतःच्या. २००३ च्या उन्हाळ्यात बाबा रोज दुकान बंद करायच्या आधी अर्धा तास बसून ती वही टाइप करायचे. पेजमेकरमध्ये ५६ पानं झाली. छापू छापू म्हणत राहून गेलं. आजी २०११ मध्ये गेली. आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा आमच्या अरण्येश्वरच्या तळमजल्यावरच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं. वही खालच्या कपाटात होती. मॅक माळ्यावर.

"डिस्क काढ, डेटा कॉपी कर, संपलं," असं ऑफिसात तिघांनी सांगितलं. अरे, ते तर पहिल्याच शनिवारी केलं! फाइल मिळाली. पण उघडल्यावर आजीच्या ओव्यांऐवजी इंग्रजी अक्षरं आणि डोक्यावर टोप्या घातलेल्या स्वरांची जत्रा. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी अक्षरांची चित्रं. 'क' कुठल्या जागी बसवायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. तो नकाशा हरवला की मजकूर असून नसल्यासारखा. आणि बाबांचं फॉन्टचं सॉफ्टवेअर यूएसबीला डोंगल लावल्याशिवाय चालत नाही. जुनी मॅक ओएस चालवणारा शीपशेव्हर हा एमुलेटर मी लॅपटॉपवर टाकून पाहिला, पण त्याला यूएसबी हा प्रकारच माहीत नाही. म्हणजे खरं मशीनच हवं.

मदरबोर्डची बॅटरी बदलली (या मॅकमध्ये ती मेली तरी स्क्रीन काळा राहू शकतो), रॅम काढून घातली. शेवटी मूळ जीफोर्स-२ एमएक्स कार्डावरचे दोन कपॅसिटर फुगलेले दिसले. तेही बदलले. फरक शून्य. आरोपी सापडला, पण मेलेला.

मग रविवारी जुना बाजार. एका चादरीवर नळाच्या तोट्या, टीव्हीचे रिमोट आणि त्यांच्यात एक एटीआय रेडिऑन ७०००, पीसीआयवालं. दीडशे रुपये. "चालतंय का?" "चालतंय की साहेब. नाय चाललं तर पुढच्या रविवारी घेऊन या."

आता इथे खरी गंमत आहे. रेडिऑन ७००० मॅकसाठीही निघालं होतं आणि पीसीसाठीही. चिप तीच. मग पीसीचं कार्ड मॅकमध्ये खोचलं की काळोख का? कारण कार्डावर एक छोटी रॉम असते आणि मशीन सुरू होताना आधी तिच्यातला प्रोग्रॅम चालवावा लागतो. पीसीच्या कार्डात तो प्रोग्रॅम इंटेलच्या भाषेत, म्हणजे एक्स८६ मध्ये लिहिलेला. जी-४ चा प्रोसेसर पॉवरपीसी. त्याला त्यातलं अक्षर कळत नाही. त्या काळच्या मॅकमध्ये बायोस नसायचं, ओपन फर्मवेअर असायचं. सन कंपनीच्या वर्कस्टेशनवरून आलेली ही कल्पना १९९४ मध्ये आयट्रिपलई १२७५ या नावाने स्टँडर्ड झाली. ते कार्डाकडून एफकोड मागतं, म्हणजे फोर्थ या भाषेचा बाइटकोड. तो कुठल्याही प्रोसेसरवर चालावा असाच बनवलेला.

पीसीआयचं स्टँडर्ड लिहिणाऱ्यांनी याची सोय आधीच करून ठेवली होती, हे वाचून मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. रॉममधल्या प्रत्येक प्रोग्रॅमची सुरुवात ५५ एए अशी, आणि पुढे एका बाइटमध्ये तो कुणासाठी आहे ते लिहिलेलं. ० म्हणजे पीसी, १ म्हणजे ओपन फर्मवेअर, पुढे ईएफआयला ३ मिळाला. एकाच कार्डात दोन्ही राहू शकतात, जागा असेल तर.

जागा! तिथेच तर घोडं अडलं. मॅकच्या रॉममध्ये एफकोडच्या पोटात मॅक ओएसचा अख्खा ड्रायव्हर भरलेला असतो, त्यामुळे ती लठ्ठ. खऱ्या मॅक कार्डावरून कुणीतरी काढून ठेवलेली फाइल मला मिळाली (कॉपीराइटवाल्यांनी इकडे दुर्लक्ष करावं), ती १२८ केबी. माझ्या कार्डावरची चिप एम२५पी०५. ०५ म्हणजे अर्धा मेगाबिट, म्हणजे ६४ केबी. पावशेराच्या डब्यात अर्धा शेर कसा मावणार? काही लोकांनी फाइल कापून छोटी केल्याचं वाचलं होतं. मीही कापून पाहिली. दोन शनिवार गेले, काळोख कायम. इंजिनिअरिंगच्या डिग्रीचा माज इथे बराचसा उतरला.

मग सरळ मोठी चिप लावायची ठरवली. एम२५पी१०, पूर्ण एक मेगाबिट, पिना त्याच. बुधवार पेठेत चार दुकानांनी मान हलवली, पाचव्याने प्लास्टिकच्या डब्यातून एक काढून दिली. सोल्डरिंग मी स्वतः करणार होतो, पण माझे हात कीबोर्डचे. कोपऱ्यावरच्या मोबाईल रिपेअरवाल्याने हॉट एअरने जुनी उचलून नवी बसवली. पाच मिनिटं, पन्नास रुपये. वर "हे काय, टीव्हीचं आहे का?" हा प्रश्न फुकट.

जुन्या चिपचा बॅकअप मी दोनदा काढून ताडून ठेवला होता. ही एक गोष्ट तरी शहाण्यासारखी केली. सीएच३४१ए हा स्वस्तातला प्रोग्रॅमर, त्याची क्लिप चिपला चावायला लावली, फाइल चढवली, परत वाचून तपासली. जुळली.

रात्री साडेदहाला कार्ड खोचलं. कमांड-ऑप्शन-ओ-एफ दाबून ठेवून बटण दाबलं. बाँऽऽग. आणि मॉनिटरवर पांढरा पडदा, त्यावर काळ्या अक्षरात ओपन फर्मवेअरची अगदी साधी ओळ. मी एवढ्या जोरात ओरडलो की आई स्वयंपाकघरातून धावत आली, शॉक लागला असं वाटून. डिव्हाइसची यादी मागवली, तर तिच्यात एटीवायने सुरू होणारं नाव. पीसीचं कार्ड मॅकच्या पंगतीत बसलं होतं :)

ओएस ९ सुरू झाली. पलीकडे डोंगल लावलं. बाबा खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला. 'आई-ओव्या-फायनल-३'. (फाइलींना नावं द्यायची पद्धत आमच्या घराण्यात तेव्हापासून बदललेली नाही.) पहिलं पान आलं. अक्षरं अक्षरांच्या जागी होती.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. सावकाश एकेक ओवी खाली सरकवत होते. मी हळूच म्हटलं, "बाबा, आता पोस्टस्क्रिप्टमध्ये प्रिंट मारू, म्हणजे लॅपटॉपवर त्याची पीडीएफ करता येईल. मशीनचा भरवसा नाही."

"थांब जरा," ते म्हणाले आणि माउस माझ्या हातातून घेतला. "इथे वेलांटी पहिली पडलीय. दुसरी हवी. एवढं दुरुस्त करतो, मग काय ते मार."

रात्रीचा एक वाजला तेव्हा ते अकराव्या पानावर होते.