सीनेतली गार

आमच्या आज्याच्या चंचीला एक चोरकप्पा होता. त्यात पोलादाचा बोटभर तुकडा, चिमूटभर सावरीचा कापूस आणि एक गार. घरात काडीपेटी असली तरी चिलमीला विस्तव चकमकीचाच. कापूस गारेच्या कडेला अंगठ्यानं दाबून धरायचा आणि पोलादाचा झटका द्यायचा. दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला कापसावर तांबडा ठिपका धरायचा, मग आज्जा त्यावर हलकेच फुंकर घालायचा. ठिणगी दगडाच्या पोटातून येते असं मला कितीतरी वर्षं वाटे. खरं तर गार पोलादापेक्षा कठीण. ती पोलादाचा कीस काढते आणि पेटतो तो कीस. ती गार कुठली, असं विचारलं की आज्जा म्हणायचा, "डोमगावच्या अंगाला घावली, सीनेत."

डोमगावला सीना नदीच्या काठी कल्याणस्वामींचा मठ आहे. परंड्याहून तिकडे जाताना मठात डोकं टेकवायचं आणि पात्रात उतरायचं, ही माझी लहानपणापासूनची वाट.

दगड पाहायला दिवाळीनंतर जावं. पाणी उतरलेलं असतं, गोटे धुऊन निघालेले असतात. वेळ सकाळची, ऊन तिरपं असेतोवरची, आणि चालायचं ते सूर्याकडे तोंड करून. पाठीवर ऊन घेतलं तर सगळे दगड सारखेच दिसतात. उन्हाच्या समोर गेलं की हजार काळ्या गोट्यांत एखादाच आतून उजळतो, मध भरून ठेवल्यासारखा. तो अकीक, गारेचीच एक जात. बाहेरून त्याचं रूप काहीच नाही. बटाट्यासारखा ओबडधोबड, सालीवर देवीचे वण असावेत तसे खळगे. पण कुठं टवका उडालेला असला आणि तो पाण्यात बुडवून धरला, की रेघा दिसू लागतात. राखी, दुधी, विटकरी, पुन्हा दुधी. कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकीला लागून एक, कुठंही एकमेकींना न छेदणाऱ्या. चुनखडीचे पांढरे खडे नवख्याला फसवतात. पण त्यांच्यावर चाकूचा ओरखडा उठतो. गारेवर चाकूच झिजतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थरावर थर पसरले. थिजताना त्यात वाफेचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. मग त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि विरघळवून आणलेली गार भिंतीला लागून सायीसारखी धरत गेली. पोकळी भरली तर भरीव अकीक. मध्ये जागा उरली तर तिथं स्फटिकांचे दात. भोवतीचा काळा खडक मात्र ऊनपावसानं कुजला आणि त्याची काळी माती झाली. मला याचंच फार वाटत आलं आहे. ज्या खडकाच्या विरण्यानं आम्हाला ज्वारी मिळते, त्याच खडकातलं न विरलेलं ते अकीक.

माणसाला हे दगड फार आधीपासून ठाऊक आहेत. प्रवरेकाठी नेवाशाला साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी याच जातीच्या दगडाची नाजूक पाती काढली. आमच्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठणच्या शेजारी त्याचं नाव येतं. पैठणहून रेघांचे दगड आणि तगरहून कापड गाड्यांत भरून भडोचला जाई, तिथून गलबतांत. तेरच्या संग्रहालयात अकीकाचे मणी आहेत. एवढ्या कठीण दगडाला आरपार भोक पाडणारा हात किती दिवस एका मण्यापाशी बसला असेल! त्या मण्यांसमोर मी नेहमी जरा जास्तच रेंगाळतो.

2025 च्या सप्टेंबरात सीना कधी नव्हे अशी फुगली. पाणी उतरल्यावर मी नदीकाठच्या चुलत्यांकडे गेलो. रान ओळखू येईना. पुरुषभर काळी होती तिथं नदीनं मुरमापर्यंत खरवडलेलं, आणि वर गोट्यांचा सडा. ऊन तिरपं होतं. त्या सड्यात जागोजागी अकीक उजळत होते. आयुष्यात एका जागी इतके मी पाहिले नव्हते. उचलायला हात होईना.

चुलते पाटीत दगड वेचत होते. मला पाहून त्यांनी एक उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला. अर्धा फुटलेला, आत दुधी रेघा आणि मधोमध स्फटिक.

"घे, हे तुझ्या कामाचं," ते म्हणाले. "माती कुठं घावली तर तेवढी मला सांग."

मी तो खिशात घातला, दुसरी पाटी घेतली आणि त्यांच्या शेजारी बसून वेचू लागलो. काळे, तांबडे, रेघांचे, सगळे एकाच पाटीत. भरली की बांधाला नेऊन ओतायची. दिवस मावळेपर्यंत नांगराच्या दोन तासांएवढं रानही मोकळं झालं नव्हतं.