सगळ्यांनी भरले म्हणून

संध्याकाळी सहाच्या सुमारास दुबईच्या बुरजुमान स्टेशनात मेट्रो शिरते, तेव्हा स्त्रिया आणि मुलांसाठी राखलेल्या भागाच्या कडेला जमिनीवर ओढलेली गुलाबी रेघ नजरेत भरते. अलीकडे पुरुष खांद्याला खांदा लावून उभे, पलीकडे दोन हात जागा मोकळी. रेघ ओलांडली तर १०० दिरहम दंड. तपासनीस दिसत नसला तरी कोणी हलत नाही. मग गर्दीचा रेटा येतो, एकाचा पाय पलीकडे पडतो आणि तिथेच राहतो. पुढचे स्टेशन येईपर्यंत त्याच्या शेजारी चार-पाच जण उभे असतात. मघाशी जी रेघ भिंतीसारखी वाटत होती, तिच्याकडे आता कोणी बघतही नाही.

संयुक्त अरब अमिरातीत दहापैकी जवळपास नऊ माणसे बाहेरून आलेली. इथे वागायचे कसे, हे नवा माणूस कायद्याची पुस्तके वाचून शिकत नाही. शेजारच्याकडे बघून शिकतो. डोंबिवलीहून आलेला मुलगा पहिल्या रमजानात ऑफिसात पाण्याची बाटली तोंडाला लावायला जातो, आजूबाजूच्या टेबलांवर एकही बाटली नाही हे त्याच्या ध्यानात येते आणि ती गुपचूप बॅगेत जाते. कोणी काही बोललेले नसते. १९८७ च्या दंडसंहितेत रमजानच्या दिवसा चारचौघांत खाण्यापिण्याबद्दल महिनाभरापर्यंत कैद किंवा २००० दिरहमपर्यंत दंड होता. पण त्या मुलाला हे कलम माहीतही नसते. २०२१ साली दुबईने उपाहारगृहांवरची पडदे लावण्याची सक्ती उठवली. तरी आजही कितीतरी ऑफिसांत रोजा नसलेली मंडळी पँट्रीचे दार लोटून घेऊनच डबा उघडतात. आई एकादशीला उपाशी असताना तिच्यासमोर वडापाव खायचा नसतो, हे ज्याला लहानपणीच कळले, त्याला यात काही जड जात नाही. समूहाचे ऐकण्यात भीतीइतकीच मायाही असते, आणि तिला कमी लेखू नये.

पण मायेपलीकडेही काही असते. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये अमेरिकेत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन; त्यांतली पहिलीएवढी कोणती, एवढेच सांगायचे. खोलीतले बाकी सगळे अ‍ॅशने पढवून आणलेले, ठरवून एकसारखे चुकीचे उत्तर देणारे. एकट्याने बघताना ज्यात शंभरात एकही चूक होत नव्हती, तिथे अशा फेऱ्यांतली सुमारे एक तृतीयांश उत्तरे गर्दीमागे गेली. चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. १९८४ मध्ये ताहा अमीर यांनी शेजारच्या कुवेतमध्ये हाच प्रयोग केला, तेव्हा निकाल अमेरिकेच्या जवळपासच आला. अ‍ॅशच्या प्रयोगातल्या लोकांना नंतर विचारल्यावर काहींनी सांगितले, ‘माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना.’ काहींना खरे दिसत होते. पण एकटे वेगळे पडायचे नव्हते.

स्वतःवरचा अविश्वास आणि एकटे पडण्याची भीती, हे दोन्ही झरे एकत्र आले की काय होते, ते दुबईने २०१६ मध्ये पाहिले. गोव्याच्या सिडनी लेमॉस यांची ‘एक्झेन्शियल’ ही कंपनी परकीय चलनाच्या व्यवहारातून वर्षाला १२० टक्के परतावा देऊ करत होती. कमीत कमी गुंतवणूक २५,००० डॉलर. पगारदार माणसाकडे एवढी रक्कम हाताशी नसते. अनेकांनी बँकेचे कर्ज काढले. वर्षाला १२० टक्के कोण देईल, हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडावा. गुंतवणारे तर हिशेबनीस होते, अभियंते होते, परिचारिका होत्या. ते मूर्ख होते असे म्हणून हात झटकणे सोपे आहे आणि अन्यायाचेही.

जाहिरात बघून भुललेले त्यांत थोडेच असावेत. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने पैसे भरलेले असतात, त्याच्या खात्यात पहिल्या महिन्याचा हप्ता जमा झालेला असतो आणि तो मोबाइलवर बँकेचा मेसेज काढून दाखवतो. गाववाला आहे, आपलीच भाषा बोलतो, मुले एका शाळेत आहेत. परमुलखात माणूस बँकेपेक्षा अशा माणसाच्या शब्दावर चालतो. खोली, नोकरी, मुलांची शाळा, सगळे त्याला अशाच ओळखींतून मिळालेले असते. शिवाय गोव्याच्या आयएसएल फुटबॉल संघाच्या प्रायोजकांत याच समूहाचे नाव होते. मग विचारणारा विचारतो तेही असे: ‘तू भरलेस ना? मग झाले तर.’ ज्याला शंका येते तो गप्प बसतो, कारण शंका काढणे म्हणजे मित्राला खोटे पाडणे. प्रत्येकाला दुसऱ्याचा विश्वास दिसतो, दुसऱ्याच्या पोटातली धाकधूक दिसत नाही.

हप्ते बंद झाले. जुलै २०१६ मध्ये दुबईच्या आर्थिक विकास विभागाने कंपनीच्या कार्यालयाला टाळे लावले. बुडालेली रक्कम सुमारे २० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. अशा वेळी माणूस नोकरी सोडून परतूही शकत नाही, घरी सांगूही शकत नाही. एरवी लग्नामुंजीत भेटणारी माणसे एकमेकांची नजर चुकवू लागतात, कारण कोणी कोणाला त्यात ओढले हे दोघांनाही ठाऊक असते. ही फसवणुकीतली सर्वांत क्रूर गोष्ट: पैशाबरोबर परदेशातला गोतावळाही जातो.

अ‍ॅशच्या प्रयोगाचा आणखी एक भाग आहे, तो फारसा सांगितला जात नाही. खोलीत एकाच माणसाने खरे उत्तर दिले, तरी गर्दीमागे जाणाऱ्यांचे प्रमाण पार खाली आले. एक साथीदार पुरला. महाराष्ट्र मंडळाच्या बैठकीत किंवा शुक्रवारी दुपारी चहाला जमलेल्या चौघांत एकाने ‘हे पैसे नेमके येतात कुठून?’ एवढे मोठ्याने विचारले असते, तर बाकीच्या तिघांना आपलीच शंका त्याच्या तोंडून ऐकू आली असती. असा माणूस बैठकीत रसभंग करतो. त्याला पुन्हा चहाला बोलावले पाहिजे.

एक्झेन्शियलच्या बाबतीत हे उशिरा का होईना, घडले. लाज गिळून काही जण पोलिसांत गेले, मग त्यांच्याकडे बघून आणखी काही. एप्रिल २०१८ मध्ये दुबईच्या न्यायालयाने लेमॉस आणि त्यांचे सहकारी रायन डिसोझा यांना प्रत्येकी पाचशेहून अधिक वर्षांचा तुरुंगवास सुनावला. हा आकडा अविश्वसनीय वाटतो, पण त्याचा हिशेब सरळ आहे: शेकडो प्रकरणे, आणि दर प्रकरणाला साधारण एक वर्ष.