खोडून निघालेली पुस्तकेही हवीत

ज्या पुस्तकातली माहिती पुढे चुकीची ठरली, ते कपाटात ठेवू नये, असे माझे ठाम मत होते. कॅनडाचा इतिहास आणि उत्तरेकडचे जीवन या विषयांवरची जुनी पुस्तके मी एडमंटनला स्थायिक झाल्यापासून जमवतो आहे. थ्रिफ्ट स्टोअर, चर्चमधली पुस्तकविक्री, ग्रंथालयांनी बाद केलेल्या पुस्तकांचे खोके, कुठेही ती हाती लागतात. नवे संशोधन वाचले की त्याने खोडून काढलेले जुने पुस्तक मी बिनदिक्कत देऊन टाकत असे. आता मी नेमकी तीच पुस्तके शोधतो.

मत बदलायला सुरुवात झाली ती फार्ली मोवॅटच्या ‘पीपल ऑफ द डिअर’पासून. १९५२ सालचे हे पुस्तक. हडसन उपसागराच्या पश्चिमेला, झाडे संपतात त्या माळावर कॅरिबूंच्या कळपांवर जगणाऱ्या इनुइट समूहाची उपासमार आणि सरकारची अनास्था त्यात आहे. त्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ ए. ई. पोर्सिल्ड यांनी ‘द बीव्हर’ या मासिकात त्यावर कडक टीका केली. १९९६ मध्ये ‘सॅटर्डे नाइट’ या नियतकालिकाने मोवॅटच्या उत्तरेतल्या वास्तव्याच्या दाव्यांवरच बोट ठेवले. हे सगळे वाचल्यावर या पुस्तकाला माझ्या कपाटात जागा उरली नव्हती.

मग एका खोक्यात त्याचीच एक वापरलेली प्रत मिळाली. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंदी होत्या. लिहिणाऱ्याला तो मुलूख माहीत असावा. कुठे महिना दुरुस्त केलेला, कुठे अंतर, कुठे नुसते प्रश्नचिन्ह. मात्र भुकेच्या प्रकरणाशेजारी दुरुस्ती एकही नाही. तिथे फक्त ‘हे खरे आहे’ एवढेच. मी ती पाने पुन्हा वाचली आणि त्या लोकांचे पुढे काय झाले ते शोधू लागलो. आहिआर्मिउट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांना सरकारने १९४९ ते १९५९ या काळात पुन्हा पुन्हा दुसरीकडे हलवले. एनाडाई सरोवराचा परिसर सुटला, ओळखीची शिकार सुटली, माणसे दगावली. जानेवारी २०१९ मध्ये आर्व्हिआट गावात केंद्र सरकारने त्यांची जाहीर माफी मागितली. तपशिलात डळमळीत असलेल्या पुस्तकाने ज्या दुःखाकडे बोट दाखवले होते, त्याची सरकारदरबारी कबुली यायला जवळपास सत्तर वर्षे लागली.

उलट बाजूचे उदाहरण फ्रँकलिन मोहिमेचे. १८४५ साली निघालेली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजे पुढे १२९ माणसांसह उत्तरेच्या बर्फात अडकली. १८५४ मध्ये डॉ. जॉन रे यांनी इनुइट लोकांकडून ऐकलेली हकिगत लंडनला कळवली: माणसे उपासमारीने मेली आणि अखेरीस त्यांनी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकातून त्या साक्षीवर झोड उठवली. पुढे सापडलेल्या हाडांवरच्या सुरीच्या खुणांनी ती खरी ठरवली. ‘एरेबस’ २०१४ मध्ये सापडले, ते इनुइट आठवणी सांगत होत्या त्या भागात. २०१६ मध्ये ‘टेरर’ सापडले, तेही योआ हेवनच्या सॅमी कोगविक या शिकाऱ्याने सांगितलेल्या खुणेवरून. माझ्याकडच्या काही जुन्या पुस्तकांत या साक्षी दोन ओळींत उरकल्या आहेत. पूर्वी ती पुस्तके मी काढून टाकली असती. आता त्या दोन ओळी मला मोलाच्या वाटतात, कारण कुणाचे बोलणे किती सहज डावलले जात होते याचा लेखी पुरावा त्यांतच आहे.

ग्रंथालयांचे मी समजू शकतो. जागा मर्यादित, वाचकाला ताजी माहिती द्यायची, म्हणून जुने बाद करावेच लागते. पण म्हणूनच घरगुती संग्रहाचे काम वेगळे आहे, असे मला आता वाटते. मिनी आओडला फ्रीमन यांचे ‘लाइफ अमंग द कालुनाट’ हे आत्मकथन १९७८ मध्ये आमच्याच एडमंटनच्या हर्टिग प्रकाशनाने काढले. जेम्स बेच्या या लेकीने ओटावात सरकारी दुभाषी म्हणून काम करताना पाहिलेले गोऱ्यांचे जग त्यात आहे. छापलेल्या प्रतींचा मोठा हिस्सा उत्तरेचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय खात्याने विकत घेऊन तळघरात ठेवला. नवी आवृत्ती निघायला २०१५ उजाडले. मधली सदतीस वर्षे हे पुस्तक बाहेर राहिलेल्या जुन्या प्रतींवरच हातोहात फिरले.

आता मी पुस्तके जोडीने लावतो. मोवॅटशेजारी आहिआर्मिउट माफीची कात्रणे, फ्रँकलिनवरच्या जुन्या ग्रंथांशेजारी इनुइट साक्षींचे संकलन. कॅनडातल्या मराठी मित्रांना माझे एकच सांगणे आहे. घर आवरताना या विषयावरचे जुने पुस्तक सापडले, तर ते चुकीचे आहे एवढ्यावरून टाकू नका. त्याला उत्तर देणारे पुस्तक मिळवा आणि दोन्ही एकत्र पुढच्या हाती द्या.