अंडाकृती चेंडू आमच्या घरात

आमच्या फैजपुरात खेळ म्हटला की क्रिकेट, कबड्डी, नाहीतर कुस्ती. रग्बी हे नाव आम्ही दोघी जावांनी पहिल्यांदा नीट ऐकलं ते धाकटीच्या मुलीच्या तोंडून. कॉलेजात मुलींचा सात जणींचा संघ होतोय, मला नाव द्यायचंय, असं सांगत ती घरी आली. सासूबाईंनी विचारलं, "सात जणी? मग कबड्डीच म्हण ना."

तिनं समजावलं. चेंडू अंड्यासारखा लांबट. तो घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की पाच गुण. हातानं चेंडू द्यायचा तर आजूबाजूला किंवा मागे, पुढे कधीच नाही. सात-सात मिनिटांचे दोन डाव. पंधरा जणांचा खेळ असतो तो मात्र ऐंशी मिनिटं चालतो. आपण पुढे पळायचं आणि चेंडू मागच्याला द्यायचा, हे सासूबाईंना फार आवडलं. पकडून पाडायचं, हे अजिबात आवडलं नाही.

तिच्या अब्बांचं म्हणणं वेगळंच. हा गोऱ्यांचा खेळ, आपल्या गावातल्या पोरींचं तिथं काय काम? यावर मुलीनं आम्हाला एक गंमत सांगितली. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या कपासाठी खेळतात, त्याचं नाव कलकत्ता कप. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून 1878 साली तो घडवला. म्हणजे खेळ त्यांचा असेल, चांदीचे रुपये इथलेच.

पण अब्बा नरमले ते दुसऱ्याच गोष्टीनं. भुवनेश्वरला कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या संस्थेत आदिवासी मुलं मोफत राहून शिकतात. तिथल्या चौदा वर्षांखालच्या मुलांनी 2007 साली लंडनला जाऊन शाळांची आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या संघाला हरवलं. हा खेळ हाती घेऊन त्यांना जेमतेम काही महिने झाले होते. कोलकात्यात गरीब मुलांना रग्बी शिकवणारे इंग्रज पॉल वॉल्श यांनी त्यांना तयार केलं. या मोसमावर 'जंगल क्राय' नावाचा सिनेमाही निघाला. तो आम्ही सगळ्यांनी मिळून मोबाईलवर पाहिला, सासूबाईंनी चष्मा लावून.

ती पोरं पाहताना आम्हाला यावल-रावेरकडचे तडवी आठवले. सातपुड्याच्या पायथ्याचे, आपल्याच दीनचे, आणि तरी आपल्या लग्नकार्यांत अजून थोडे लांबच बसवले जाणारे. त्यांच्या पोरांना कुणी मैदानावर बोलावलं असतं तर? क्रिकेटमध्ये बॅट, पॅड, कोचिंग, सगळं लहानपणापासून लागतं. रग्बी आपल्याकडे बहुतेकजण उशिराच शिकतात. लागतं ते एक चेंडू आणि मोकळं रान. त्यामुळे मागून आलेल्यालाही जागा मिळते.

मग कपड्यांचा प्रश्न आला, आणि आम्हा दोघींना खरी काळजी त्याचीच होती. मुलीनं नियमच काढून दाखवला. कुणाला धोका होणार नाही अशा बेतानं मुलींना डोक्याला स्कार्फ बांधायला आणि शॉर्टखाली पायभर घट्ट तुमान घालायला जागतिक नियमांत परवानगी आहे. न्यूझीलंडचे सनी बिल विल्यम्स यांचंही तिनं सांगितलं. इस्लाम स्वीकारलेला हा खेळाडू 2011 आणि 2015 च्या विश्वविजेत्या संघात होता. 2017 मध्ये त्यांनी जर्सीवरच्या बँकेच्या नावावर पट्टी चिकटवली, कारण व्याजाच्या धंद्याची जाहिरात अंगावर नको होती. त्यांना संघातून कुणी काढलं नाही.

आम्ही हो म्हटलं. अटी घातल्या त्या अशा: अभ्यास मागे पडता कामा नये, आणि बाहेरगावी सामना असेल तर आमच्यापैकी एक जण सोबत येणार. मोहल्ल्यात दोन-चार जणी बोलल्या. त्यांना आम्ही सराव बघायला बोलावलं. एक आलीही, आणि आता तिची भाची येते.

सराव फज्रनंतर असतो. परवा मुलगी गुडघा सोलून घरी आली. सासूबाई हळद लावत होत्या. तिच्या अब्बांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "किती जणींनी पाडलं?"

"तिघींनी."

"आणि चेंडू?"

"तो आधीच मागे दिला होता."