स्लायडरच्या मधली जागा

पुण्यातल्या एका गेम स्टुडिओत ती कॅरेक्टर आर्टिस्ट आहे. मूळची कोल्हापूरची. खेळाडू जे पात्र घेऊन खेळणार त्याचं शरीर आणि त्याचे कपडे घडवायचे, हे तिचं रोजचं काम. एक चामडी जॅकेट पुरुषाच्या अंगावर बेतायचं, मग तेच बाईच्या अंगावर पुन्हा बसवायचं. पडद्यावरचं शरीर म्हणजे बिंदूंची जाळी; खांदा, छाती, कंबर, सगळीकडचे बिंदू हलवायचे. पात्राला पळवून, वाकवून, बसवून बघायचं आणि कापडातून कातडी बाहेर आली की परत मागे यायचं. त्या बाहेर येण्याला या धंद्यात ‘क्लिपिंग’ म्हणतात. काही वर्षं हे केल्यावर तिची एक खात्री झाली आहे. गेमच्या जगात कोणाला जागा आहे हे पुष्कळदा लेखकाने पहिलं वाक्य लिहिण्याआधीच, या बिंदूंच्या पातळीवर ठरून गेलेलं असतं.

चेहरा बदलण्याच्या पट्ट्या, म्हणजे स्लायडर, बहुतेक वेळा ‘ब्लेंडशेप’ नावाच्या युक्तीवर चालतात. चेहऱ्याच्या जाळीतल्या प्रत्येक बिंदूला दोन जागा ठाऊक असतात: नाक बसकं असतानाची आणि नाक तरतरीत असतानाची. स्लायडर सरकवला की बिंदू एकीकडून दुसरीकडे निघतो आणि वाटेत कुठेही थांबू शकतो. अट एवढीच, की दोन्ही टोकांना बिंदू तितकेच आणि त्याच क्रमाने हवेत. पुरुषाचं डोकं एकाने एका जाळीवर घडवलं आणि बाईचं दुसऱ्याने भलत्याच जाळीवर, तर दोन डोक्यांमध्ये वाटच उरत नाही. मेनूत दोन बटणं येतात. वर्षभराने कोणी कळकळीने म्हणालं की यांच्या मधलं कोणीतरी हवं, तर उत्तर मिळतं, आता उशीर झाला. ते उत्तर खरंच असतं. म्हणून तिला वाटतं, क्वीअर माणसांची गोष्ट गेममध्ये हवी असेल तर ती मागणी पहिल्या आठवड्यात, जाळी ठरताना करायला हवी.

तिचा या बाबतीतला लाडका खेळ म्हणजे वॉलिशन स्टुडिओचा, २००८ चा ‘सेंट्स रो २’. खरं तर गुंडांच्या टोळीचा, आडदांड विनोदांचा हा खेळ. स्टिलवॉटर नावाचं अख्खं शहर मोकळं फिरायला दिलेलं. पण त्यातला ‘बॉस’, म्हणजे खेळाडूचं पात्र, घडवताना शरीर, चेहरा, आवाज, एवढंच काय, चालण्याची ढबही वेगवेगळी निवडता येते. पुढे ‘इमेज ॲज डिझाइन्ड’ नावाच्या दुकानात पैसे मोजले की हे सगळं पुन्हा बदलता येतं. म्हणजे अर्ध्या खेळात तुमचा बॉस बाई होतो, आणि टोळीतले सोबती पूर्वीसारखेच त्याच्या, तिच्या, मागे गाडीत बसतात. कोणी खुलासा मागत नाही. २००४ च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’मध्ये नायक सीजेला जेवू घालून जाडा करता यायचा, व्यायामशाळेत नेऊन पीळदार करता यायचा, पण तो राहायचा सीजेच. चार वर्षांत बॉसपर्यंत आलेली ही मजल मोठी होती. आणि ती मारली तेव्हा कोणी तिचा फारसा गाजावाजाही केला नव्हता.

कपड्यांचं तसंच. ‘द सिम्स ४’ने जून २०१६ मध्ये सातशेहून जास्त वस्तू, म्हणजे कपडे, केस, दागिने, सगळ्या शरीरांसाठी खुल्या केल्या. बातम्यांमध्ये ते एका ओळीत आलं. तिने मात्र ती ओळ वाचून सात-आठशे फाइली मनातल्या मनात उघडल्या. प्रत्येक फ्रॉकचा गळा, प्रत्येक बुटाची टाच कोणीतरी बसून तपासली असणार. एका प्रकल्पात तिने हीच मागणी केली होती. सगळे कपडे सगळ्यांना घालू द्या. बैठकीत ‘काम दुप्पट होईल’ एवढंच बोलणं झालं आणि पुढचा विषय निघाला. तिला अजून वाटतं की दुप्पट होणार नव्हतं. दोन शरीरं एकाच जाळीची असती तर बरंचसं काम यंत्रानेच उरकलं असतं. तो हिशेब कागदावर मांडून न्यायला हवा होता, ही चुटपुट तिला आहे.

‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला आला तेव्हा त्याच्या पात्र घडवण्याच्या पडद्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. नायक किंवा नायिका, नाव फक्त एक अक्षर, व्ही. शरीर निवडा, आवाज निवडा, जननेंद्रियही निवडा, आणि या तिन्ही निवडी एकमेकींपासून सुट्या. पुरुषी शरीर, बायकी आवाज, हवा तो जोड. एवढ्या मोठ्या खर्चाच्या खेळात हे नवलाचंच होतं. पण खेळातल्या नाइट सिटीच्या रस्त्यावर उतरल्यावर सोडवलेल्या गाठी पुन्हा बसू लागतात. इंग्रजीत लोक व्हीला ‘ही’ (तो) म्हणणार की ‘शी’ (ती), हे आवाजावरून ठरतं. तिसरा पर्याय नाही. ज्या पात्रांशी प्रेम जुळू शकतं त्यांपैकी ज्युडीचं प्रेम हवं तर शरीर आणि आवाज दोन्ही बाईचे लागतात. केरीसाठी दोन्ही पुरुषाचे. पॅनम नुसतं शरीर तपासते. म्हणजे पुरुषी शरीर आणि बाईचा आवाज घेऊन आलेल्या व्हीसाठी ज्युडीचंही दार बंद आणि केरीचंही. इतक्या कौतुकाने दिलेल्या जननेंद्रियाच्या निवडीवर तर यातल्या कुठल्याच प्रेमकथेची अट अवलंबून नाही.

एका कारागिराच्या नजरेने तिला यातलं काही समजतं. ज्युडी ही स्त्रियांवर प्रेम करणारी स्त्री आहे, तिला स्वतःची आवड आहे, आणि अशा ठाम आवडीचं पात्र लिहिणं हेही प्रतिनिधित्वच. खेळाडूच्या इच्छेला हो म्हणणारी बाहुली होण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. तिची तक्रार वेगळी आहे. पडद्यावर खेळाडूला सांगितलं, तू हवं ते हो; मग ज्युडी ‘स्त्री’ कशाला म्हणते ते ठरवायचं काम दोन खुणांच्या यादीवर सोडून दिलं. ट्रान्स स्त्री असलेली व्ही आपला मूळचा आवाज ठेवून आली, तर तिला स्त्री मानायचं की नाही? हा प्रश्न लेखकाच्या टेबलावर यायला हवा होता. त्याच खेळात क्लेअर आहे. ‘आफ्टरलाइफ’ बारमध्ये दारू ओतणारी, शर्यतीत उतरणारी ट्रान्स स्त्री. ती मेलेल्या नवऱ्याच्या आठवणीने जळते आणि आपल्याबद्दलची गोष्ट बोलता बोलता सांगते. तिथे लेखकाचा हात लागला आहे आणि तो जाणवतो.

गाठ पुन्हा आवळल्याचं याहून दुखरं उदाहरण म्हणजे ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेला, पेलोपोनेशियन युद्धाच्या काळातल्या ग्रीसचा हा खेळ. अलेक्सिओस घ्या नाही तर कसांड्रा, आणि कोणावरही प्रेम करा. लोकांनी शंभर-शंभर तास कसांड्राला फक्त स्त्रियांवर प्रेम करू दिलं; ती त्यांची कसांड्रा झाली. जानेवारी २०१९ मध्ये पुरवणी भाग आला आणि त्यात कुठलंही उत्तर निवडलं तरी तिचा एका पुरुषाशी संसार होऊन मूल झालं. वंश पुढे न्यायचा होता. अलेक्सिओसचंही तेच, समोर स्त्री. वर त्या टप्प्यासाठी जी ट्रॉफी होती तिचं नाव होतं ‘ग्रोइंग अप’, म्हणजे मोठं होणं. आपल्याकडे किती घरांत हेच वाक्य ऐकवलं जातं: लग्न झालं, पोर झालं की सुधारेल. खेळाडू संतापले, निर्मात्यांनी माफी मागितली, संवादांत फेरफार केले, ट्रॉफीचं नाव बदललं. मूल मात्र राहिलं.

याच्या उलट एक गोष्ट ती नव्या मुलांना आवर्जून सांगते. लायनहेडच्या २००४ च्या ‘फेबल’मध्ये गावकरी नायकावर भाळायचे, त्यात पुरुषही असायचे. निर्मात्यांपैकी डीन कार्टर यांनी नंतर सांगितलं की हे मुद्दाम घातलेलं नव्हतं. गावकऱ्याला आवड असते एवढंच लिहिलं होतं. पुरुषाला पुरुष आवडू नये यासाठी जास्तीचा कोड लिहावा लागला असता, आणि तो लिहिणं म्हणजे त्यांना वेळेचा अपव्यय वाटला. मनाई करायलाच मेहनत लागते, हे तिला कोडच्या भाषेत इथे पहिल्यांदा दिसलं.

अनुभवलं होतं ते त्याआधी, ‘स्कायरिम’मध्ये. २०११ चा खेळ, तिच्या वाट्याला दोन वर्षं उशिरा आला, हॉस्टेलच्या खोलीत, मैत्रिणीच्या जुन्या लॅपटॉपवर. रिफ्टन गावात माराचं देऊळ आहे. पुजाऱ्याकडून ताईत घ्यायचा, गळ्यात घालायचा आणि आवडत्या माणसाशी बोलायला जायचं. तिची नायिका गेली म्योल नावाच्या लढवय्या बाईकडे, जिची हरवलेली तलवार तिने भुयारातून शोधून आणली होती. म्योल हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी देवळात लग्न लागलं. नवरा कोण, बायको कोण, असं पुजाऱ्याने विचारलं नाही. तो डिसेंबर २०१३ चा आठवडा होता. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवून समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जसंच्या तसं उभं केलं होतं, आणि ते उतरायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. घरी तिने तोवर कोणाला काही सांगितलं नव्हतं. त्या रात्री तिने खेळ सेव्ह केला आणि त्या फाइलला कोणाचं लक्ष जाणार नाही असं नाव दिलं.

गेल्या दिवाळीत ती कोल्हापूरला गेली तेव्हा भाची तिच्या कन्सोलवर खेळत होती. पात्र दाढीवाली बाई, अंगात चिलखत. पुलावरून तोल गेला आणि भाची ओरडली, “मावशी, मी पाण्यात पडलो की!”

कोल्हापुरात मुली असंच बोलतात. मी आलो, मी जेवलो, मी दमलो. तीही लहानपणी तसंच बोलायची. पुण्यात आल्यावर वर्गात हशा झाला आणि तिने ‘आले’ शिकून घेतलं. आता मात्र त्या ‘पडलो’ने तिच्या डोक्यात दिवा लागला. इंग्रजीतल्या ‘आय’ला लिंग चिकटत नाही, म्हणून इंग्रजी खेळात नायकाचा एकच संवाद दोघांना चालतो. पोलिश भाषेत भूतकाळी क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं, मराठीसारखंच. ‘सायबरपंक’ वॉर्सात तयार झालेला. तिथल्या लेखकांना आपल्याच मायबोलीत व्हीची वाक्यं दोनदा घडवावी लागली असणार. यातला एकही खेळ मराठीत आलेला नाही. पण आला तर?

ती रात्री वही घेऊन बसली. ‘मी पळालो’ किंवा ‘मी पळाले’ म्हणावंच लागतं. पण ‘मी पळ काढला’ कोणीही म्हणू शकतं. ‘मी दमलो’च्या जागी ‘दम लागला मला’. ‘मी वाचलो’च्या जागी ‘जीव वाचला माझा’. ‘मी तिच्या प्रेमात पडलो’पेक्षा ‘तिच्यावर जीव जडला’ तर कितीतरी सुंदर. सकर्मक भूतकाळ तर मोकळाच: मी दार उघडलं, मी तलवार उचलली, क्रियापद दाराकडे, तलवारीकडे बघतं, बोलणाऱ्याकडे नाही. भविष्यकाळातही तेच: जाईन, जाशील, जाईल. समोरच्याने ‘तू आलास’, ‘तू आलीस’ म्हटलं की उघड होतं, ‘तुम्ही आलात’ने झाकलं जातं. ‘एल्डन रिंग’मध्ये सगळे नायकाला ‘टार्निश्ड’ म्हणून हाक मारतात आणि तिथला लिंगाचा प्रश्न मिटतो. मराठीला त्यापुढे जाऊन वाक्यच वळवता येतं. अडलं ते एका जागी. पाठीमागे बोलणाऱ्यांनी काय म्हणायचं? आदरार्थी ‘ते आले’ कानाला पुरुषच वाटतो. ‘ते आलं’ म्हणावं तर लेकराबद्दल बोलल्यासारखं होतं. त्या पानाचा खालचा अर्धा भाग कोराच आहे.

सध्या सुट्टीच्या दिवशी ती स्वतःसाठी एक नऊवारी घडवते आहे. गेममध्ये पाचवारी नेसवणं फार अवघड. पात्र पळालं की घोळ घोट्यात अडकतो आणि पाय आरपार निघतात. नऊवारीत मात्र काष्टा असल्याने प्रत्येक पायाचं कापड त्या-त्या पायाच्या हाडाला बांधता येतं, अगदी विजारीसारखं. बायका घोड्यावर बसल्या त्या याच नेसण्यात, हे तिला आता मांडीच्या हाडाचं ‘वजन’, म्हणजे ते हाड कापडाला किती ओढणार ते, रंगवताना उमगतं. मूळ शरीर एकच घेतलं आहे. खांदे, कंबर, छाती सगळं स्लायडरवर. वर नऊवारी, नाकात नथ, आणि ओठावर कोल्हापुरी पीळदार मिशी, जिचे केस तिने एकेका पट्टीने चिकटवलेत. उभं असताना सुरेख दिसतं. मोटरसायकलवर बसवलं की उजव्या गुडघ्याशी निऱ्यांतून कातडी बाहेर येते, फक्त कंबरेचा स्लायडर मध्यावर असताना. दोन्ही टोकांना काहीच त्रास नाही. मध्यावरच्या त्या जागेसाठी वेगळा दुरुस्तीचा आकार घडवावा लागेल, बारा-पंधरा बिंदूंचा. तिने गुडघा जवळ आणला आहे आणि पहिला बिंदू उचलला आहे.