शाळेमागची टेकडी

बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर आल्प्सची शिखरे, महागडी हॉटेले आणि धनिकांची सुट्टी उभी राहते. हा समज सर्वस्वी खोटा नाही. परंतु अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हर्माँट या लहानशा राज्यात या खेळाचे एक निराळे, घरगुती रूप आहे. गावाची जशी शाळा असते, वाचनालय असते, तशी तेथील काही गावांना स्कीइंगची स्वत:ची टेकडी असते. गावकरी आळीपाळीने राबतात आणि ती टेकडी चालते.

या परंपरेचा आरंभ एका दोरापासून झाला. जानेवारी १९३४ मध्ये वुडस्टॉक गावच्या क्लिंटन गिल्बर्ट नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणावर अमेरिकेतील पहिला ‘रोप टो’ सुरू झाला. टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत चाकांवरून फिरणारा अखंड दोर आणि त्याला गती देणारे फोर्ड मॉडेल टी मोटारीचे इंजिन, एवढाच तो सारा खटाटोप. आपल्या विहिरीवरील रहाटाची माळ जशी पाणी वर आणी, तसा हा दोर माणसांना वर ओढून नेई. त्यापूर्वी मिनिटभराच्या घसरण्यासाठी अर्धा तास चढावे लागे. दोराने हा शीण संपवला आणि शेतकऱ्यांची, सुतारांची मुलेही या खेळात आली. दोनच वर्षांनी, १९३६ साली, ईस्ट कॉरिंथ या खेड्यात ‘नॉर्थईस्ट स्लोप्स’ ही टेकडी उभी राहिली. नैसर्गिक बर्फाच्या भरवशावर आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर ती आजतागायत तग धरून आहे.

काही वर्षांपूर्वी त्या राज्यातील एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून हिवाळ्याचे काही आठवडे काढण्याचा योग मला आला. तेथील शाळेमागे अशीच एक चिमुकली टेकडी होती. शनिवारी सकाळी गावचा निवृत्त मेकॅनिक इंजिनाशी झटापट करी, शाळेतील एक शिक्षक दोराचे सांधे तपासून पाही, आणि लाकडी खोपटात दोघी-तिघी आया कढत सूप वाढीत. जाड कातडी हातमोजे घातल्याखेरीज दोराला हात लावण्याची कुणाला परवानगी नसे. धावत्या दोराने साधे मोजे पाहता पाहता झिजतात. अगदी लहान मुलाला त्याचा बाप आपल्या दोन पायांच्या मध्ये धरून वर नेई. एक वृद्ध गृहस्थ दिवसभर थंडीत उभे राहून, पडलेल्या मुलांना उठवीत. त्यांची स्वत:ची मुले केव्हाच मोठी होऊन शहरात गेली होती. ‘मग आपण का येता?’ असे मी विचारले. ते म्हणाले, ‘फादर, माझ्या मुलांना कुणीतरी उठवलेच होते की!’

हे चित्र मोहक असले तरी निर्धोक नाही. ईशान्येकडील राज्यांतील बंद पडलेल्या स्कीस्थळांची नोंद ठेवणाऱ्या अभ्यासकांच्या यादीत सहाशेहून अधिक नावे आहेत. विम्याचा वाढता हप्ता, मोठ्या केंद्रांची स्पर्धा, उबदार होत चाललेले हिवाळे आणि राबणाऱ्या हातांची वाण, अशा अनेक कारणांनी या टेकड्या एकेक करून झाडाझुडपांत गडप झाल्या.

मात्र मोठे ते टिकते आणि लहान ते मरते, असा सरळ नियम येथे लागू पडत नाही. वेस्ट विंडसर गावच्या अस्कटनी पर्वतावर मोठे व्यापारी स्कीकेंद्र होते. कर्जाच्या ओझ्याखाली ते २०१० साली बंद पडले, वर नेणारे पाळणेही विकले गेले. गावचा हिवाळा सुना झाला. अशा वेळी दुसऱ्या धनिकाची वाट पाहत बसण्याऐवजी गावकऱ्यांनी मतदानाने ती जमीन घेण्याचे ठरवले. एका भूमिसंरक्षक न्यासाच्या साहाय्याने ४६९ एकर भूमी सार्वजनिक झाली. स्वयंसेवकांनी प्रथम एक दोर बसवला आणि २०२० साली त्याहून लांब पल्ल्याची, दांड्यांना टेकून वर जाण्याची ‘टी-बार’ यंत्रणा उभी केली. जुन्या केंद्राच्या मानाने हे सारे लहान आहे, परंतु ते गावाचे आहे. २०१० च्या जनगणनेत १,०९९ असलेली गावची लोकसंख्या २०२० मध्ये १,३४४ झाली. याचे सारे श्रेय टेकडीला देता येणार नाही. तरीही जेथे मुलांना शाळा सुटल्यावर जायला जागा आहे, तेथे आईबापांना राहावेसे वाटते, हे कळण्यास पांडित्य लागत नाही.

पगार देऊन माणसे कामाला लावता येतात, पण गाव उभे करता येत नाही. तिकीट काढून आलेल्याला टेकडी आवडते. जिच्यासाठी आपण पहाटे उठून इंजिनात तेल घातले, ती मात्र आपली होते. या टेकड्यांना खरा धोका बर्फ न पडण्याचा जितका आहे, तितकाच ‘दुसरा कुणीतरी करील’ या विचाराचा आहे. एखादे वर्षी बर्फ कमी पडले तरी पुढच्या वर्षी पडू शकते. हात मात्र एकदा मागे घेतले की दोर थांबतो, आणि थांबलेला दोर काही वर्षांत कुजून जातो.