माणसाला पाणी नव्हते, मग कुत्र्याचे लाड कशाला?

एप्रिल-मे महिन्यांत पारनेरला ऊन असे तापते की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. शाळेला सुट्टी, मुले घरात आणि पाळलेला कुत्राही घरातच कोंडलेला. आमचा मोती दीड वर्षाचा, गावठी. अंगात मस्ती इतकी की तासभर रिकामा बसला तर चपला कुरतडतो, दार ओरबाडतो, उगाच भुंकत राहतो. अशा वेळी पुष्कळ घरांत एकच उपाय होतो. साखळीला बांधायचे आणि वर काठी उगारायची.

वस्तीतल्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "आरं, आमच्या वक्ताला माणसाला घोटभर पाणी मिळत नव्हतं, आन् तू कुत्र्याच्या खेळाचं सांगतूस!"

आजींचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी खुले होते, अस्पृश्य माणसाला मात्र बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथील पाणी ओंजळीत घेऊन आपला हक्क बजावला. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात गांधीजींनाही त्यांनी कुत्र्या-मांजराहून हीन वागणुकीची हीच व्यथा ऐकवली. परंतु कुत्र्याला पाणी का मिळते, अशी त्यांची तक्रार कधीच नव्हती. माणसाला का मिळत नाही, असा त्यांचा सवाल होता. फेब्रुवारी १९३४ मधले राजगृहावरील कुटुंबाचे छायाचित्र पाहा. त्यात माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. सम्राट अशोकाने गिरनारच्या शिलालेखात माणसांबरोबर जनावरांच्याही औषधोपचाराची आणि रस्त्याकडेच्या विहिरींची नोंद कोरून ठेवली आहे.

आता व्यवहाराचे बोलू. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो तोंड उघडून धापा टाकतो आणि त्यातूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतो. म्हणून उन्हात पळवणे धोक्याचे. फिरवणे सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे आणि दुपारी पायांऐवजी नाकाला व डोक्याला काम द्यावे. त्याला खर्च काही नाही. भाकरीचे तुकडे घरात कोपऱ्याकोपऱ्यांत लपवा आणि "शोध" म्हणा. वास घेत घेत तो अर्धा तास गुंततो आणि मग शांत झोपतो. जुन्या लुगड्याची घट्ट गाठी मारलेली दोरी ओढाओढीला चालते. मुलांनी दाराआड लपून हाक मारावी. "बस", "थांब", "आण" असे शब्द रोज दहा मिनिटे शिकवावेत, जमले की पाठ थोपटावी. खेळाच्या मध्ये विसावाही हवा.

आपल्यापैकी अनेकांची घरे पत्र्याची. दुपारी पत्रा तापला की घरापेक्षा लिंबाची सावली बरी. जमिनीवर पाणी शिंपडून ओले गोणपाट अंथरावे, मातीच्या परळात पाणी भरून ठेवावे. शिळी भाजी घालताना कांदा पाहून काढावा. आपला तालुका कांद्याचा, पण कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. कुत्रा फार धापा टाकू लागला, लाळ गळू लागली, झोकांड्या खाऊ लागला, तर ऊन लागले असे समजावे. लगेच सावलीत न्यावे, अंगावर, पोटावर आणि पंजांवर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि गुरांचा दवाखाना गाठावा.

या साऱ्यात मुलांचे शिक्षण आहे. दिवसभर साखळीला बांधलेले जनावर चिडते, अंगावर येते आणि दोष पुन्हा त्यालाच मिळतो. कोंडून ठेवायचे आणि वर स्वभाव वाईट म्हणायचे, हा न्याय आपल्या वाडवडिलांनी सोसलेला आहे. तो आपल्या घरात मुक्या जीवाला तरी लावू नये. वैशाख पौर्णिमेला विहारात मुलांकडून पंचशील म्हणवून घेताना पहिल्या शीलाचा हा अर्थही सांगावा. आजींच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे : आजी, तहान काय असते हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच पाण्याचे परळ आधी तुमच्या दारात दिसायला हवे.

जय भीम!